सर्वानुमते

पनवेलच्या एका शाळेत मी आयुष्यभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. त्यातलं नागरिकशास्त्र वीस मार्कांचं. पोरं ते परीक्षेच्या सकाळी दात घासता घासता वाचायची आणि पासही व्हायची. पण निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीत मला जो काही मान मिळाला तो या वीस मार्कांच्याच जोरावर. कुणाला नोटीस आली, कुणाचा भाडेकरू हलेना, की मंडळी माझ्या दारात हजर. "सर, तुम्ही कायद्याचे." मी कायद्याचा नाही असं सांगितलं की त्यांना तो माझा विनय वाटे. लिफ्टचं प्रकरण झालं तेव्हाही सगळे असेच आले. त्यांना काय सांगायचं ते मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही नीट कळत नाही.

आमची इमारत सात मजली, कळंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर गेले की स्वयंपाकघरातली भांडी आपोआप वाजतात, त्याची सवय झाली आहे. लिफ्ट जुनी होती. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबायची, आतल्या माणसाने दोनदा दार आपटलं की पुढे निघायची. पाहुण्यांना खालूनच फोनवर सांगावं लागे की घाबरू नका, दार आपटा. तेव्हा लिफ्ट बदलायला हवी यावर कुणाचं दुमत असायचं कारण नव्हतं.

सर्वसाधारण सभा नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक उभा पंखा, खरखरणारा माइक, आणि शेवटच्या विषयाच्या आधी फिरणाऱ्या सामोशाच्या प्लेट्स. सेक्रेटरी विषय वाचतात, कुणीतरी सूचक होतं, शेजारचा अनुमोदक होतो, बाकीचे टाळ्या वाजवतात आणि सेक्रेटरी म्हणतात, "सर्वानुमते मंजूर." आमच्या इमारतीत आजवर झालेला प्रत्येक ठराव सर्वानुमते झालेला आहे. कुत्र्यांना आवारात खायला घालू नये हा ठराव सर्वानुमते झाला, आणि पुढच्या वर्षी गेटच्या कोपऱ्यात घालावे, हाही सर्वानुमतेच झाला. यात कुणाचा काही डाव नव्हता. एखाद्याचा विरोध लिहिला तर त्याला वाईट दिसेल, अशी आमची एक समजूत होती. लग्नात आहेर कमी आला तरी यादी मोठ्याने वाचत नाहीत, त्यातलाच प्रकार.

तर नव्या लिफ्टचा ठराव आला. कंपनी ठरलेली होती. टाळ्या वाजल्या. त्याच वेळी खांबाच्या बाजूला मला एक हात वर दिसला. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ होते. बारीक अंगाचे, इन केलेला शर्ट, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हात वर होता एवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पण तेव्हाच प्लेट्स फिरायला लागल्या होत्या आणि माझंही अर्धं लक्ष चटणीकडे होतं.

पुढच्या सभेत मागच्या सभेचा वृत्तान्त वाचला गेला तेव्हा हे गृहस्थ उभे राहिले. "मी विरोध केला होता. अजून दोन कंपन्यांचे भाव मागवा असं माझं म्हणणं होतं. ते कुठेच लिहिलेलं नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, एका हाताने काय फरक पडतो? बहुमत होतंच की."

"मग बहुमताने असं लिहा."

"आपल्याकडे सर्वानुमते लिहितात."

एवढाच संवाद. दोघांपैकी कुणीही आवाज चढवला नाही, आणि मला वाटलं विषय संपला. पण ते गृहस्थ सहकार न्यायालयात गेले. ठराव खोटा लिहिला आहे, सबब त्यावर दिलेलं कंत्राटही टिकत नाही, असं त्यांनी मांडलं. कोर्टाने निकाल लागेपर्यंत कंत्राटाला स्थगिती दिली. कोर्टाचंही काही चुकलं असं मी म्हणू शकत नाही. फक्त तोवर जुनी लिफ्ट काढून कळंबोलीच्या भंगार बाजारात गेली होती आणि नवी खोक्यांत भरून पार्किंगमध्ये येऊन पडली होती. मधे राहिला तो जमिनीपासून गच्चीपर्यंतचा रिकामा चौकोनी खड्डा. प्रत्येक मजल्यावर त्याला आडवी फळी ठोकून वर "सावधान" असं खडूने लिहिलं.

आता या सगळ्यात सापडल्या त्या आमच्या समोरच्या मावशी.

मावशी उरणकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. जन्मभर मासळी विकली. मुलगा बंदराच्या कंटेनर यार्डात क्रेन चालवतो. त्याने पाचव्या मजल्यावर आमच्या समोरचा फ्लॅट घेतला आणि आईला इकडे आणलं. त्या रोज सकाळी लिफ्टने खाली उतरायच्या आणि गेटजवळच्या बाकावर बसायच्या. दारावर येणाऱ्या मासळीवालीच्या टोपलीत हात घालून, सुरमईचे कल्ले उघडून, "ही कालची हाय" असं तिच्या तोंडावर सांगायच्या. मासळीवाली चिडायची, पण त्यांनी ठरवलेल्याच भावाने द्यायची. अर्ध्या इमारतीची मासळी मावशींच्या नजरेखालून वर जाई. मग त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यातून परत आल्या तेव्हा लिफ्टच्या जागी खड्डा होता. मुलाने आणि मित्रांनी त्यांना उचलून वर नेलं, ते शेवटचं. डॉक्टर म्हणाले, सपाट जमिनीवर भरपूर चाला. जिने नकोत.

पाचव्या मजल्यावर सपाट जमीन म्हणजे त्यांचा हॉल, आमचा हॉल आणि मधला पॅसेज. मावशी तिथे काठी टेकत फेऱ्या मारायच्या. आमच्या हिने दार उघडंच ठेवायला सुरुवात केली. पहिले काही आठवडे त्यांनी गंमत केली, मग त्यांचा आवाज उतरत गेला. खिडकीतून मासळीवाली दिसायची, पण पाचव्या मजल्यावरून कल्ले दिसत नाहीत.

"मास्तर," त्या मला एकदा म्हणाल्या, "त्या कोर्टाला लिफ्ट हाय का?"

"असेल."

"ती बंद ठेवा बोलावं त्यांना एक महिना. मंग बगू तारीख कशी देतान."

मी हसलो, पण मला हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. मला मावशींचा राग कळत होता आणि दुसऱ्या मजल्याचाही कळत होता. दोन्ही एकाच डोक्यात मावेनात.

आणि गंमत अशी की सगळ्या शहराची तीच अवस्था होती. नगरसेवकांची मुदत संपून गेली होती आणि नवी निवडणूक आरक्षणाच्या आणि प्रभागांच्या वादात वरच्या कोर्टात अडकून पडली होती. किती वर्षं झाली ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. कारभार प्रशासकांकडे. तो कारभार वाईट होता असं नाही. पण रस्त्यावरचा दिवा गेला तर पूर्वी ज्याच्या दारात जाऊन चहा पिऊन भांडता येत होतं, तसं दार उरलं नव्हतं. मी शाळेत फळ्यावर लिहीत असे की न्यायालय हे नागरिकांच्या हक्कांचं रक्षण करतं. पोरं ते वहीत उतरून घेत. आता कुणा पोराने हात वर करून विचारलं असतं की सर, हक्कांचं रक्षण चालू असताना हक्क कुठे ठेवतात, तर मी काय सांगितलं असतं? बहुधा "खाली बस" म्हणालो असतो.

एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ घरी आले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. पाणी प्यायले आणि म्हणाले, "सर, तुम्ही समोरच्या रांगेत होतात. तुम्ही माझा हात पाहिलात. कोर्टात तेवढं प्रतिज्ञापत्र द्या."

मी म्हटलं, "पण मावशींचं काय? त्यांना खाली उतरता येत नाही."

"माझ्याही ते रोज डोक्यात येतं," ते म्हणाले. "लिफ्ट नको असं माझं म्हणणं नाहीच. एका सभासदाचा विरोध, एवढं एक वाक्य मला हवं होतं. पंचवीस जणांत मी एकटा नाही म्हणालो, सर, आणि माझ्याच नावापुढे हो लिहिलं गेलं. ते सोडून द्यायचं म्हणता?" मला त्यांच्याबद्दल माया वाटली आणि त्याच क्षणी त्यांना दोन थपडा माराव्यात असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. "सर, हात वर होता हे मीही नाकारत नाही. पण तो सामोशासाठी होता. प्लेट त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती."

"ते म्हणतात त्यांना सामोसा चालत नाही. ॲसिडिटी आहे."

"मग वेफर्ससाठी असेल. तुम्ही एवढंच सांगा की विरोध असा काही दिसला नाही. कोर्ट तुमचं ऐकेल. स्थगिती उठेल, महिन्याभरात लिफ्ट बसेल. तुमच्या समोर त्या मावशी आहेत, तुम्हाला मी काय सांगायचं?"

बरोबर वर्मावर बोट ठेवलं त्यांनी. एक जण माझ्याकडे खरं मागत होता आणि दुसरा लिफ्ट. हात वर होता, हे खरं. विरोधासाठी होता की नाही, हे मला शपथेवर माहीत नव्हतं, हेही खरं. मग कोणतं खरं सांगायचं? आमची ही म्हणाली, "एवढी वर्षं दुसऱ्यांची पोरं शिकवलीत, आता स्वतःचा एक पेपर सोडवा." या बाईला अशा वेळी बरोबर सुचतं.

न राहवून मी मावशींनाच सगळं सांगितलं. वाटलं, त्या काहीतरी समजुतीचं बोलतील, मन हलकं होईल.

"सांग नव्हता हात," मावशी तडक म्हणाल्या. "एवढासा खोटा बोलला तं काय व्हतंय? देव काय कोर्टात बसलाय?"

"पण मावशी, शपथ घ्यायची असते."

"मंग घे ना शपथ! मना हितं कोंडून ठेवलाय त्याची शपथ कोनी घेतली व्हती?" एरवी मला तुमी म्हणणाऱ्या मावशी एकदम तू म्हणायला लागल्या होत्या. मग त्या रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी घरी आलो. तारीख पुढच्या महिन्यातली होती. ठरवायला वेळ होता, हीच काय ती सोय.

त्या महिन्यातच पालिकेची निवडणूक लागली. वरच्या कोर्टातला गुंता सुटला की नुसता बाजूला ठेवला ते मला कळलं नाही, पण निवडणूक लागली. रिक्षांवर भोंगे आले. उमेदवार जिना चढत पाचव्या मजल्यावर आले, घामाघूम होऊन, हात जोडून. मावशींनी प्रत्येकाला तेच विचारलं, "लिफ्ट देशील का?" प्रत्येक जण म्हणाला, "मावशी, ती तुमच्या सोसायटीची बाब आहे. त्यात कोर्ट आहे." घरी येऊन मत घेतात त्या वयात मावशी बसत नव्हत्या आणि या निवडणुकीत तशी सोय असल्याचं कुणी सांगेना.

"माजा मत मी खाली जाऊन देनार," त्यांनी जाहीर केलं. "लग्न झाल्यापासून एक मत सोडला नाय मी. होडीतून जाऊन दिलाय."

मतदानाच्या दिवशी प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधले. मुलगा, त्याचे दोन मित्र आणि सेक्रेटरी असे चौघे लागले. सेक्रेटरी आपणहून आले, ते मी नमूद करतो. मावशींनी नवी हिरवी साडी नेसली होती, अंबाड्यात अबोली. मागून सुनेने एक फुगलेली मोठी पिशवी घेतली होती. मी विचारलं, एवढं काय? मावशी म्हणाल्या, "वलखपत्र हाय त्यात." मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण माझं लक्ष खुर्चीकडे होतं.

दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींना दम लागला आणि खुर्ची टेकवली. ती नेमकी त्या गृहस्थांच्या दारासमोर. दार उघडलं. ते मत देऊन आले होते, बोटाला शाई होती.

मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच का तो हातवाला?"

"हो," ते म्हणाले.

"मंग बसून काय हात वर करतंस? नाय बोलायचा व्हता तं उबा राऊन बोंब मारायची! आमच्या बाजारात कोनी गुपचूप हात वर केला तं त्याला मूठभर बारकी कोलीम बी नाय भेटत."

ते गृहस्थ लालबुंद झाले. पुढे आले आणि सेक्रेटरींच्या हातातून बांबू घेतला. सेक्रेटरींनी तो दिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. उरलेले दोन मजले मावशी त्यांच्या खांद्यावरून उतरल्या.

केंद्र माझ्याच शाळेत होतं, आठवी ब च्या वर्गात. आमच्या प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे, म्हणजे एका माणसाने चार मतं द्यायची. मावशी आत खूप वेळ होत्या. बाहेर आल्या त्या बोटाकडे बघत. "तिगं ठरवले व्हते," त्या म्हणाल्या. "चवथा कुनाला दिला ते मना नाय ठाव. मशीनची शिटी वाजली मंग आले." माझंही चौथं तसंच झालं होतं.

रिक्षा आमच्या गेटवर आली. बांबू लावलेली खुर्ची तयार होती, माणसं उभी होती. पण मावशी उतरेनात. सून पिशवी घेऊन त्यांच्या शेजारी बसली. मुलगा दुसरीकडे बघत होता.

"मी नाय येत वर," मावशी म्हणाल्या. "माज्या भयनीचा घर जमनीवर हाय. थंय जातंय."

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पार्किंगमधल्या खोक्यांकडे पाहिलं. मग त्यांनी रिक्षातून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. हाताला अजून मासळीवालीची पकड होती. "मास्तर, आता तू खरा सांग कोर्टात. माजा काय अडकला नाय आता."

रिक्षा उरणच्या रस्त्याला लागली. माझ्या डोक्यावरचं ओझं त्यांनी स्वतः उचलून नेलं होतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी खरं सांगितलं. हात वर होता, कशासाठी होता ते मला माहीत नाही, असं प्रतिज्ञापत्र दिलं. कोर्टाने ते ठेवून घेतलं आणि पुढची तारीख दिली. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात भेटले की मान लववतात आणि सेक्रेटरीही लववतात, म्हणजे दोघांनाही ते आपल्या बाजूचं वाटलं असावं. नगरसेवक निवडून आले, फटाके वाजले. खोकी अजून पार्किंगमध्ये आहेत.

परवा सभा झाली. खुर्च्या, पंखा, माइक. सेक्रेटरींनी एक विषय आयत्या वेळी मांडला. ज्येष्ठ नागरिक महिलेला मतदानासाठी खाली आणून लोकशाही बळकट केल्याबद्दल सोसायटीतल्या सभासदांचं अभिनंदन. त्या परत वर आल्या नाहीत, हे ठरावात नव्हतं. सूचक झाले, अनुमोदक झाले, टाळ्या सुरू झाल्या.

मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली, तिचा आवाज झाला. "माझा विरोध आहे," मी म्हटलं. शाळेतला आवाज लागला होता, माइकची गरज नव्हती. "लिहा."

टाळ्या थांबल्या. सेक्रेटरींनी पेन उचललं, खरोखर लिहायला, आणि चांगुलपणाने विचारलं, "लिहितो सर. पण नक्की कशाला विरोध?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खांबाजवळचे दुसऱ्या मजल्याचे गृहस्थही. मी तोंड उघडलं. पुढचं वाक्य काही सापडेना. सामोशाच्या प्लेट्स आल्या, लोकांनी घेतल्या, मी उभाच होतो.